स्टाफिंग कंपनीकडून महिन्यावर डेव्हलपर घ्यायचा असंल तर

पहिले हे ठरवा की तुम्हाला सॉफ्टवेअर बनवून पाहिजे का माणूस पाहिजे. आपल्या जळगाव-धुळ्याकडचे बरेच शेठलोक इथंच गडबड करतात. काम एकदाच करून संपणारं असंल तर सरळ फिक्स रेटवर ठेका देऊन मोकळे व्हा. पण काम रोज बदलणारं असलं, आज तुरीच्या उताऱ्याचा (म्हणजे तुरीतून किती डाळ निघाली त्याचा) हिशोब, उद्या गाडीभाडं, परवा दलालीचं काहीतरी नवीन, तर महिन्यावर माणूस परवडतो. तो पगाराला स्टाफिंग कंपनीच्या, पीएफ-सुट्ट्या तिच्याकडे, काम दिवसभर तुमचं. अमेरिकेतल्या कंपन्या पुणे-बंगळूरची पोरं अशीच घेतात, त्यालाच ऑफशोअर डेडिकेटेड डेव्हलपर म्हणतात. तुम्ही एमआयडीसीतल्या मिलमध्ये बसून पुण्याचा माणूस घ्या नाहीतर तुमचा भाचा न्यू जर्सीत बसून घेवो, बघायच्या गोष्टी बऱ्याचशा त्याच.

आता डेडिकेटेड म्हणजे काय ते लिहूनच घ्या भो. दिवसाचे ८ तास, महिन्याचे साधारण १६० तास, आणि त्या वेळात दुसऱ्या क्लायंटचं काम नाही. तोंडी सगळेच हो म्हणतात.

कंपनीला फोन करायच्या आधी एक पान लिहून काढा, त्यात टेक्नॉलॉजीची नावं नको, तुमचं काम लिहा, माल कसा येतो, काट्यावर कोण नोंद करतं, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोबाचा कागद) कोण बनवतं, कुठं भांडणं होतात. हे पान नसलं की समोरचा सेल्सवाला त्याच्याकडे रिकामा बसलेला माणूस तुमच्या गळ्यात मारतो.

मग रेझ्युमे येतील, सगळे चकाचक, सगळ्यांना सगळं येतं. त्यावर जास्त वेळ घालू नका, माणसाशी बोला, कॅमेरा चालू ठेवून, आणि तुमच्याच धंद्यातलं एक छोटं काम स्क्रीन शेअर करून करायला लावा. मी डाळ मिलसाठी माणूस बघतो तेव्हा हा हिशोब देतो: १०० क्विंटल तूर मिलला गेली, डाळ निघाली ७२, खंडा (तुटकी डाळ) ४, चुनी-भुसा २२, याचा रिपोर्ट बनव. बेरीज होते ९८. काही जण टकाटक स्क्रीन बनवून दाखवतात आणि २ क्विंटल कुठं गेले हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. ज्याच्या कामाचा उपयोग होईल असा पोरगा थांबतो आणि विचारतो, सर ही घट ओलाव्याची का वजनातली चूक, वेगळा रकाना ठेवू का, आणि घट ठरलेल्यापेक्षा जास्त झाली तर कोणाला मेसेज जायला पाहिजे. तोच घ्या, मग त्याचं इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं. जो प्रत्येक गोष्टीला 'हो जाएगा सर' म्हणतो त्याच्यापासून लांब रहा.

इंटरव्ह्यूला एक आणि कामाला दुसराच, असंही होतं या धंद्यात, म्हणून करारात डेव्हलपरचं नाव घाला आणि तुमच्या लेखी होकाराशिवाय माणूस बदलायचा नाही हे पण. बदलावा लागलाच तर जुना आणि नवा एक-दोन आठवडे सोबत बसतील आणि त्या दिवसांचं बिल एकाच माणसाचं लागंल, हे आधीच ठरवा, नंतर कोणी ऐकत नाही. अजून एक सरळ प्रश्न विचारा, हा माणूस तुमच्या पगारावर किती दिवसांपासून आहे? आयटीत नोटीस पीरियड ६० ते ९० दिवसांचा सर्रास असतो, त्यामुळे 'सोमवारपासून देतो' म्हणणाऱ्याकडे एकतर माणूस खरंच बेंचवर, म्हणजे पगारावर पण कामाशिवाय, आहे नाहीतर तुमचा होकार आल्यावर तो शोधायला निघणार आहे.

पैशाचं. रेटवर १८ टक्के जीएसटी वेगळा, रेट ऐकताना तो धरूनच ऐका. बाकी धंद्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, पण डाळवाल्यांनी जरा जपून, कारण सुटी डाळ किंवा २५ किलोच्या वरचा कट्टा जीएसटीतून सूट आहे, म्हणून तर सगळीकडे ३० किलोचे कट्टे दिसतात, आणि विक्रीच सूट असली की तेवढ्या भागाचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो १८ टक्के खर्चातच धरा. टीडीएस किती कापायचा ते सीएला विचारा, करार सही करायच्या आधी विचारा. अमेरिकेच्या क्लायंटला हेच बिल एक्स्पोर्ट म्हणून जातं, त्याला हा जीएसटीचा ताप नाही.

आता जो मुद्दा कोणीच वाचत नाही तो, कोड कोणाचा. आपल्याला वाटतं पैसे दिले म्हणजे आपला. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही, नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक पगार देणारा, म्हणजे इथं स्टाफिंग कंपनी. तुमच्या नावावर यायला लेखी आणि सही केलेलं असाइनमेंट (हक्क तुमच्या नावावर करून देणारा कागद) लागतं. आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, कुठल्या देशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतो. न्यू जर्सीच्या भाच्याला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा. करारात 'कायमस्वरूपी आणि जगभरासाठी' हे शब्द पाहिजेच, वकिलाची फी यावर खर्च झाली तरी हरकत नाही.

कागदासोबत चाव्या पण तुमच्याच हातात ठेवा. डोमेन (वेबसाइटचं नाव), सर्व्हर, गिटहब (कोड ऑनलाइन ठेवायची जागा), प्ले स्टोअरचं अकाउंट, सगळं तुमच्या कंपनीच्या ईमेलवर काढायचं आणि डेव्हलपरला आत यायची परवानगी द्यायची. कोड रोज संध्याकाळी तुमच्या गिटहबवर चढला पाहिजे, महिन्याअखेर एकदम नको. शेतकऱ्यांचे खरे मोबाईल आणि बँक खाते नंबर टेस्टिंगला देऊ नका, खोटी नावं टाकून यादी बनवा, तासाभराचं काम आहे.

माणूस आला की पहिले दोन दिवस त्याला मिलवर आणा, काट्यावर उभं करा, मुनीमजीजवळ बसवा, दुपारी शेवभाजी खाऊ घाला. व्हिडिओ कॉलवर जे समजायला महिना लागतो ते तिथं समजतं. तुमच्याकडून त्याच्याशी बोलणारा माणूस एकच ठेवा, नाहीतर शेठ एक सांगतात, शेठचा पोरगा दुसरं, आणि डेव्हलपर दोन्ही अर्धं करतो. रोज १५ मिनिटांचा कॉल पुरे. नवीन सिस्टिम जानेवारी-फेब्रुवारीत, तुरीची आवक जोरात असताना सुरू करू नका. सुट्ट्यांची यादी पण आधीच जुळवा, माणूस शिरपूरचा निघाला तर आखाजीला (अक्षय तृतीयेला) तो गावी जाणारच.

अमेरिकेतून घेणाऱ्यांसाठी वेळेचं गणित असं की उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिथले सकाळचे ९ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. दोन-तीन तास एकत्र पाहिजे असतील तर डेव्हलपरची ड्युटी दुपारी सुरू करा, त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत ताणाल तर तो चार महिन्यात दुसरीकडे जाईल.

पहिला महिना ट्रायल ठेवा, १५ दिवसांच्या नोटिशीवर बंद करता येईल असा. पोरगा आवडला आणि थेट नोकरीला घ्यावासा वाटला तर कंपनी फी मागते, तिचा आकडा पहिल्या करारातच घाला, कारण तेव्हा त्यांना तुमचं काम पाहिजे असतं. आणि कोणी सोडून चालला की शेवटचं बिल द्यायच्या आधी पासवर्ड बदला आणि नव्या माणसाकडून सॉफ्टवेअर एकदा कोऱ्या कॉम्प्युटरवर चालू करून घ्या, चाललं तर बिल द्या.