पंधरा डब्यांची मागणी करण्यापूर्वी काय तपासावे

ठाण्यातील प्रवाशांच्या निवेदनांत ‘सर्व लोकल पंधरा डब्यांच्या करा’ ही मागणी हमखास असते. मागणी रास्तच आहे. परंतु गाडी लांबली की तिच्यासाठी आणखी काय काय बदलावे लागते, याचा हिशेब निवेदन लिहिणाऱ्याने आधी मांडावा.

आरंभ डब्यांच्या गणितापासून करावा. नेहमीच्या बिगर-वातानुकूलित लोकलमध्ये एक मोटार डबा (गाडी ओढणाऱ्या विजेच्या मोटारी असलेला) आणि दोन साधे डबे मिळून एक जोड होते; म्हणून गाडी नऊ, बारा, पंधरा अशीच वाढते. डबा सुमारे २१ मीटरांचा धरल्यास तीन डब्यांमागे फलाट ६३ मीटरांनी वाढायला हवा. मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये पंधरा डब्यांची लोकल सुरू झाली ती जलद मार्गावर, कारण जलद गाडीला थांबे कमी. धीम्या मार्गासाठी मागणी असेल, तर प्रत्येक थांब्यावर फलाटाच्या टोकापुढे जागा आहे, की लगेच पूल, नाला वा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) लागतो, हे प्रत्यक्ष पाहावे आणि वहीत नोंदवावे. गाडी उभी असताना तिचे शेपूट मागच्या सांध्यावर राहिले, तर शेजारच्या मार्गावरील गाडीही अडते.

वेळेचा हिशेब अनेकदा सुटतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने एखादी जागा ओलांडताना वाढीव तीन डब्यांना सुमारे साडेसात सेकंद जास्त लागतात. दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचेच अंतर असताना हे सेकंद क्षुल्लक नव्हेत. मात्र बारांचे पंधरा डबे झाल्याने पाव पट वाढलेल्या जागेपुढे ही किंमत मला परवडणारी वाटते.

ब्रेक आणि वीज यांविषयी अधिक सावधपणे लिहावे. केवळ हवेच्या नळीवर चालणाऱ्या ब्रेकचा परिणाम पुढून मागे सरकत जातो, त्यामुळे मागचे डबे क्षणभर पुढच्यांवर रेटतात. लोकलमध्ये विजेच्या संकेताने सर्व डब्यांचे ब्रेक जवळजवळ एकाच वेळी लागतात. स्वित्झर्लंडमधील रेशियन रेल्वेने २९ ऑक्टोबर २०२२ रोजी चार डब्यांच्या २५ गाड्या जोडून १,९०६ मीटरांची गाडी घाटातून खाली आणली, तेव्हा सर्व डब्यांना एकाच वेळी ब्रेक लावण्याची अडचण मोठ्या प्रमाणावर दिसली. सात चालकांना बोगद्यांत एकमेकांशी बोलता येईना आणि आपत्कालीन ब्रेक सर्वत्र लागेना, म्हणून पहिली चाचणी फसली; मग तारेने जोडलेल्या फील्ड टेलिफोनची व्यवस्था करण्यात आली. उतारावर ब्रेक लावताना तयार होणारी वीज रुळांवरील विजेच्या तारेला पेलवावी म्हणून वेगही ताशी ३५ किलोमीटरांपर्यंत मर्यादित ठेवला गेला. आपल्याकडे ओढ उलट, म्हणजे वीज घेण्याची असते. पाच मोटार डबे एकाच वेळी वेग घेऊ लागले की तारेवरील भार वाढतो. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर १,५०० व्होल्टऐवजी २५,००० व्होल्टचा पुरवठा आल्याने तो पेलणे सोपे झाले आहे.

शेवटी रात्रीच्या मुक्कामाकडे वळावे: कारशेडमधील मार्गांवर पंधरा डबे मावतात का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे आणि मिळालेले उत्तर, थांब्यांच्या नोंदींच्या तक्त्यासह, निवेदनाला जोडावे.