बुरशीच्या रेघांचं लाकूड लेथवर चढवण्याआधी

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, ज्यांचा हात बसलाय, वाट्या-डब्या नीट उतरतात आणि बुरशीनं काळ्या रेघा उमटलेलं मेपलचं लाकूड बघून हात शिवशिवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मेपल बहुतेक परदेशातून येतं. पांढरं, बारीक पोताचं. म्हणून बुरशीची रेघ त्यावर टाकानं ओढल्यासारखी उठते. मी पेनांपुरते तीन तुकडे मागवले, तेवढ्यातच खिसा हलका झाला. मोठ्या कामाला सांगलीतल्या वखारीतून आंब्याचा ओला ओंडका आणला, जळणाच्या भावात. आंबाही असाच रेघाळतो. पहिलाच वाडगा मेपलचा करायला निघालेल्यांचं मला खरंच कळत नाही.

आता माझी चूक. बुरशी धरावी म्हणून जूनमध्ये ओंडका ओल्या भुशासकट प्लास्टिकच्या पोत्यात बांधला. ऑगस्टअखेर टोक कापलं तर रेघा झकास. तिथंच थांबायचं होतं. ‘अजून जरा येऊ देत’ म्हणून परत पोत्यात, ते थेट दसऱ्यानंतर काढला. दिसायला देखणा. लेथवर चढवून हत्यार टेकवलं, तर तळहाताएवढा टवका उडून भिंतीवर. उरलेल्यात अंगठा रुतला, शिळ्या पावात रुततो तसा.

काळी रेघ म्हणजे बहुधा दोन बुरशींच्या मधला बांध, शेताच्या बांधासारखाच भांडणातून आलेला. शेजारचा पांढराफटक भाग म्हणजे चरून झालेलं रान. बांध टणक, रान पोचट. हत्यार बांधावरून रानात उतरलं की खड्डा. नुसत्या पॉलिश पेपरनं घासलं तरी पोचट भाग आधी झिजतो आणि वाडग्याला लाटा येतात. रेघा वाढतायत म्हणजे आत खाणंही चालू आहे. म्हणून दर पंधरा दिवसांनी टोकाची चकती कापा आणि पांढऱ्या भागात नख दाबा. रेघेवर नको, पांढऱ्यात! नख रुतायला लागलं की उशीर झाला. त्याआधीच ओंडका चिरून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. ओलावा २० टक्क्यांखाली गेला की बुरशीची वाढ थांबते. परत भिजलं तर परत सुरू होऊ शकते, त्यामुळे आमटीचा वाडगा यातून करू नका.

सुपर ग्लूबद्दल. एखाद्या पोचट जागेला पातळ ग्लू पाजायला हरकत नाही, मीही पाजतो. आधी लाखेच्या पॉलिशचा एक हात मारा, नाहीतर डाग पडतो. पण व्हिडिओत अख्खं कुजकं लाकूड बाटल्या ओतून ‘वाचवतात’, तो शुद्ध येडेपणा. आणि मास्क लावा. हा भुसा साधा नाही, त्यात बुरशी असते.

मिरजेच्या एका मित्रानं विचारलं, याचा तंबोरा होईल का? नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते काम तून नावाच्या झाडाच्या निरोगी लाकडावर चालतं, तारांचा ताण सोसायचा असतो. परदेशात इलेक्ट्रिक गिटारवर रेघांचं मेपल दिसतं, ते बहुधा वरचं पातळ पान, खाली धड लाकूड. डब्यांची झाकणं, पेनं, राळ मुरवून सुरीच्या मुठी, इतपत ठीक.

पहिला वाडगा फुटला तर घाबरू नका, माझे तीन फुटले. माझे वस्ताद बुरशीचं लाकूड थेट चुलीत घालणारे. त्यांच्यापासून लपवून मी वर्षभर हे केलं. पण लाकडाला टिचकी मारून कान द्यायची सवय त्यांचीच. टण वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर सोडा. माझा फुटका वाडगा लेथच्या वर खिळ्याला टांगलाय. वस्ताद आले की आधी त्याला टिचकी मारतात, मग चहा मागतात.