ज्यूंचा इतिहास गावातल्या पोरांना सांगायचा असेल तर

दिवस २७ जानेवारीचा धरा. १९४५ साली याच दिवशी सोव्हिएत सैन्य नाझी जर्मनीच्या ऑशविट्झ या मृत्यूछावणीत पोचलं, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली हा दिवस ज्यूंच्या संहाराच्या स्मरणासाठी ठरवला. आपल्याला तो सोयीचाही आहे, कारण आदल्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या सतरंज्या अजून शाळेच्या पडवीत असतात. वेळ संध्याकाळी सातची ठेवा. तुरीची काढणी चालू असते, कापसाचा शेवटचा वेचा असतो, मोठी पोरं अंधार पडेपर्यंत वावरातच असतात.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात २६ वर्षं शिकवलं. आता गावच्या वाचनालयात दरवर्षी तीन संध्याकाळी हा विषय घेते. सातवी ते दहावीची पोरं पुरे. त्याहून लहान असतील तर फक्त पहिली संध्याकाळ त्यांना बसू द्या.

मढ्यांच्या फोटोंनी सुरुवात करू नका. मी पहिल्या वर्षी ती चूक केली. सहावीतली एक मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिची आई शाळेत आली, रागावली नाही, एवढंच म्हणाली, “मॅडम, लेकरू झोपेतून उठून बसते.” त्या पोरीला ज्यू म्हणजे कोण हे ठाऊकच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे नुसता ढिगारा होता. जी माणसं आपण जिवंत पाहिली नाहीत, त्यांचं मरण पोरांना कळत नाही, त्याची भीती तेवढी वाटते. म्हणून आधी ती माणसं जगत कशी होती ते सांगा.

मी घाण्यापासून सुरू करते. आमचं घर तेल्याचं. आजोबा जवस-तीळ गाळायचे, बैलाच्या डोळ्यांवर झापड, दिवसभर करकर. कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फार पूर्वी एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, असं तिथले बेने इस्राएल परंपरेनं सांगतात. हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांनीही घाणेच चालवले. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ हरवले होते, हिब्रू ही धर्मभाषा विसरली होती. उरला होता शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नेम आणि देव एकच आहे हे सांगणारी शेमा ही प्रार्थना. एवढ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या ज्यू राहिले. केहिमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावं फळ्यावर लिहा, पोरं चकित होतात. आणि शेजाऱ्यांनी त्यांना कधी छळलं नाही, हेही ठासून सांगा. छळ झालाच पाहिजे असं काही विधिलिखित नसतं.

मग विचारा, “आपल्या गावातली सगळी पुस्तकं नि पोथ्या गेल्या, तर तुमच्या घरात काय उरेल?” उत्तरांना घाई करू नका. एका पोरानं सांगितलं, “पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी.” दुसरी म्हणाली, “आजीची ओवी.” इथून यरुशलेमला जाता येतं. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं ज्यूंचं तिथलं मंदिर पाडलं. यज्ञबळी देण्याची एकच जागा होती, तीच गेली. तेव्हा ज्यूंनी प्रार्थना, अभ्यास आणि घरचा सण यांवर धर्म उभा ठेवला. इंग्लंडनं १२९० मध्ये त्यांना हाकललं, स्पेननं १४९२ मध्ये. ही दोन सालं सांगा आणि पुढे चला.

थांबायचं ते पेसाखपाशी. हा सण साधारण आपल्या चैत्राच्या सुमाराला येतो, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा. त्या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं, “आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?” आणि घरातली मोठी माणसं उत्तरादाखल सगळी कहाणी सांगतात. कडू भाजी मुद्दाम खातात, गुलामीचा कडूपणा आठवावा म्हणून. गुढीपाडव्याला कडुलिंब खाणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण सेदरचं, म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाच्या विधीचं, नाटक करू नका. तो दुसऱ्याचा देवघरातला विधी आहे. फक्त रीत उचला: तिन्ही संध्याकाळी पहिला प्रश्न हजर असलेल्यांपैकी सगळ्यात लहान पोराचा.

दुसरी संध्याकाळ जड आहे. हिटलरच्या जर्मनीत काय काय झालं ते फळ्यावर एकाखाली एक लिहा. १ एप्रिल १९३३, ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. १९३५, न्यूरेंबर्गचे कायदे, नागरिकत्व गेलं. १९३८, ज्यूंच्या पासपोर्टवर ‘ज्यू’ या अर्थाचं लाल ‘J’ अक्षर. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, जाळली. १९४१, जर्मनीत छातीवर पिवळा तारा. मग छावण्या. प्रत्येक ओळीनंतर थांबा आणि विचारा, “या दिवशी शेजाऱ्याला काय करता आलं असतं?” आमच्या भागातल्या पोरांना बहिष्कार या शब्दाचा अर्थ आजोबांकडून माहीत असतो. कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी नव्हतं हे गावात अजून आठवतं. तुलना तुम्ही करू नका, पोरांना बोलू द्या. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा अगदी शेवटी लिहा. आधी लिहिला तर वरच्या ओळी कोणी वाचत नाही.

या संध्याकाळी दोन बोलणी हमखास निघतात. एखादा पोरगा म्हणतो, “हिटलर कडक होता, आपल्याले तसाच पायजे.” त्याला दटावू नका, तो हे पाराच्या कट्ट्यावर ऐकून आलेला असतो. त्याला एवढंच सांगा की जर्मनीत ज्यू शंभरात एकही नव्हते, आणि त्या कडकपणानं अपंग जर्मन लेकरंही मारली, लाखो रोमा (जिप्सी) माणसंही मारली, आणि शेवटी बर्लिनचाच उकिरडा केला. दुसरा प्रश्न: “मंग ते पळून काहून नाई गेले?” पळायला दार लागतं. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियानला या निर्वासितांना कोण घेणार हे ठरवायला ३२ देश जमले आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. मे १९३९ मध्ये सेंट लुईस हे जहाज जर्मनीतून ९३७ प्रवासी, बहुतेक ज्यू, घेऊन निघालं, क्युबानं बहुतेकांना उतरू दिलं नाही, अमेरिकेनंही नाही. जहाज युरोपला परतलं आणि त्यातले २५४ जण पुढे मारले गेले. आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनबद्दल कोणी विचारलं तर टाळू नका, वेगळा दिवस द्या. तिथल्या लेकरांचं दुःख या वहीत घाईघाईनं कोंबू नये.

वर्ध्याजवळ असाल तर मधल्या रविवारी सेवाग्रामला न्या. तेव्हाच्या सेगावातूनच गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’साठी ज्यूंवर लेख लिहिला आणि त्यांना अहिंसक प्रतिकार सुचवला. यरुशलेमहून मार्टिन बुबर या ज्यू तत्त्वज्ञानी १९३९ मध्ये कळवळून उलट लिहिलं की हा उपाय तिथे लागू पडत नाही. जुलै १९३९ मध्ये वर्ध्याचा पत्ता घालून गांधीजींनी हिटलरला लिहिलेलं पत्र इंग्रज सरकारनं पुढे जाऊच दिलं नाही. मी गांधीजींना मानते, आणि तरी मला बुबरचं म्हणणं पटतं. पोरांना हे दोन्ही मी कुटीसमोरच सांगते.

तिसऱ्या संध्याकाळी दूध संकलनवाल्याकडून जुनी कॅन मागून आणा. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथल्या ज्यूंना नाझींनी १९४० मध्ये भिंतीआड कोंडलं. आत इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकारानं माणसं जमवली. ती शनिवारी भेटत, म्हणून गटाचं नाव ओनेग शब्बात, म्हणजे शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, आनंद. रोजनिशा, रेशनची कुपनं, पोरांचे निबंध, खाऊच्या गोळ्यांचे कागदसुद्धा त्यांनी गोळा केले आणि एका शाळेच्या इमारतीखाली पुरले, आधी पत्र्याच्या पेट्यांत, मग दोन दुधाच्या कॅनमध्ये. साठेक माणसांपैकी तीन वाचली. रिंगेलब्लुम, त्यांची बायको आणि मुलगा १९४४ मध्ये मारले गेले. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, कॅन १९५० मध्ये.

हे सांगताना कॅन मध्ये ठेवा, कोणीतरी उठून तिला हात लावतंच. मग प्रत्येकाला घरातला एक कागद आणायला सांगा: कापूस विकल्याची पावती, एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी. मागे लिहायचं की हा कागद कोणाचा, कधीचा, त्या दिवशी काय झालं. कर्जाचे आणि खाजगी कागद पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मागच्या वर्षी एकीनं बापाची शेवटची बाजार समितीची पावती आणली होती. ती मी वाचून दाखवली नाही, घडी करून तशीच आत ठेवली.

कॅन जमिनीत पुरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. वॉर्सातही पत्र्याच्या पेट्यांत पाणी शिरून कागद खराब झाले, कॅनमधले मात्र चांगले राहिले. वाचनालयातल्या कपाटाच्या वर ठेवा, झाकणाच्या कडेला मेण लावा, आणि आत कोणाकोणाचे कागद आहेत त्याची यादी पोरांच्याच अक्षरात बाहेर चिकटवा.