‘तपासलंय ना?’ ‘हो, तपासलंय!’ : मोठ्यांनी केलेल्या या चुका टाळा

बड्या बँका, सरकारी खाती, नामांकित कंपन्या यांच्या फजितीच्या बातम्या आपण चवीनं वाचतो. ‘एवढी मोठी बँक, आणि कुणी बघितलंच नाही?’ असं म्हणून मोकळे होतो. गंमत अशी, की बहुतेक प्रकरणांत कुणीतरी बघितलेलं असतं. सह्या झालेल्या असतात, पडद्यावर इशारा आलेला असतो, चाचण्या पार पडलेल्या असतात. फक्त ती तपासणी भलत्याच गोष्टीची असते किंवा नावापुरती असते. त्यामुळे ‘नीट तपासून घ्या’ हा सल्ला इथे देण्यात अर्थ नाही. तपासणी पोकळ कुठे निघते, ते बघू. उदाहरणं मोठ्यांची आहेत, पण चुकांची जात कुठल्याही ऑफिसात सापडेल अशी.

तीन सह्या, गैरसमज एकच

११ ऑगस्ट २०२० ला अमेरिकेतल्या सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पोचवायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. कर्जाची मुद्दलच गेली, आणि तीही बँकेच्या स्वतःच्या पैशांतून. मुद्दल बाहेर न जाता बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळावी, यासाठी सॉफ्टवेअरमध्ये तीन ठिकाणी खूण करायची होती: ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’. खूण झाली फक्त पहिल्या ठिकाणी. व्यवहार भरणारा एक, तो तपासणारा दुसरा, अंतिम मंजुरी देणारा तिसरा. तिघांचाही समज हाच, की ‘प्रिन्सिपल’वर खूण केली म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी घोळ लक्षात आला, तोवर पैसे पोचले होते. त्यातले सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला काही कर्जदात्यांनी चक्क नकार दिला. पहिल्या कोर्टात बँक हरली. २०२२ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, म्हणून निभावलं.

चौथी सही असती तरी फरक पडला नसता. एकाच पद्धतीनं शिकलेली आणि तोच पडदा बघणारी माणसं कितीही वाढवली, तरी तपासणी एकच राहते.

यंत्रांचंही तेच. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्यात दिशादर्शनाच्या यंत्रणा दोन होत्या, एक बिघडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. पण दोन्हींत सॉफ्टवेअर तंतोतंत तेच, आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यातून आलेला आकडा ठेवायला दिलेल्या १६ बिटच्या जागेत मावला नाही. राखीव यंत्रणा बंद पडली आणि लगोलग मुख्यही, अगदी त्याच कारणानं. ज्या गणितामुळे हे घडलं, त्याची उड्डाण झाल्यावर गरजही नव्हती! ‘आधी चाललं होतं, आताही चालेल’ या भरवशावर ते तसंच राहू दिलेलं.

उपाय काय? दुसऱ्या माणसाला भरलेला फॉर्म दाखवून ‘बरोबर आहे ना?’ विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी परिणाम विचारा: हे बटण दाबल्यावर कुणाच्या खात्यातून, किती रक्कम, कुठे जाणार? त्याचं उत्तर त्यानं मूळ कागद बघून काढायचं, तुमच्याकडे बघून नाही. आणि एकतरी तपासनीस असा हवा, ज्याला त्या कामाची सवय झालेली नाही. असा माणूस बावळट प्रश्न विचारतो. तेच हवे असतात.

इशारा आला, ‘ओके’ दाबलं

८ डिसेंबर २००५. जपानमध्ये जे-कॉम नावाच्या कंपनीच्या शेअरचा बाजारातला पहिला दिवस. मिझुहो सिक्युरिटीजच्या माणसाला १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. त्यानं ६,१०,००० शेअर प्रत्येकी १ येनला विकायला काढले. कंपनीचे एकूण शेअरच होते १४,५००! म्हणजे अस्तित्वात आहेत त्याच्या चाळीसपट माल विक्रीला. पडद्यावर इशारा आला होता. तो बाजूला सारला गेला. चूक कळताच ऑर्डर रद्द करायची धडपड झाली, पण टोकियो शेअर बाजाराच्या संगणकप्रणालीतही दोष निघाला आणि ऑर्डर रद्दच होईना. नुकसान सुमारे ४० अब्ज येन. शेअर बाजाराच्या प्रमुखांनाही खुर्ची सोडावी लागली.

इशारा बाजूला सारणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण दिवसभरात फुटकळ कारणांसाठी इशारे येत राहिले, की माणूस ते वाचायचं सोडून देतो. अशक्य गोष्टीला इशारा नको, अडसर हवा. एकूण शेअरपेक्षा जास्त शेअरची विक्री ही ‘तुमची खात्री आहे का?’ असं विचारण्याची बाब नव्हे. ती पुढे सरकताच कामा नये. तुमच्या हिशेबाच्या फाइलमध्येही अशक्य आकडे ठरवता येतात: शंभर टक्क्यांवर सूट, भविष्यातली जन्मतारीख, स्टॉकपेक्षा मोठी विक्री. तिथे फाइलनं नकार द्यायला हवा.

दक्षिण कोरियात सॅमसंग सिक्युरिटीजनं ६ एप्रिल २०१८ ला हाच धडा दुसऱ्या वाटेनं गिरवला. कर्मचाऱ्यांना प्रत्येक शेअरमागे १,००० वॉन लाभांश द्यायचा होता; दिले गेले प्रत्येक शेअरमागे १,००० शेअर. जवळपास २.८ अब्ज ‘भुताचे’ शेअर तयार झाले, आणि १६ कर्मचाऱ्यांनी लगबगीनं त्यातले काही विकूनही टाकले. आकडा अचूक होता. एकक चुकलं होतं.

माप घेतलं, पण कशाचं?

एककाच्या गोंधळाचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर. लॉकहीड मार्टिनचं सॉफ्टवेअर यानाच्या धक्क्यांचे आकडे पाउंडाच्या हिशेबात देत होतं, नासाची माणसं ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होती. फरक साधारण साडेचारपटीचा. नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर, २३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटर उंचीऐवजी सुमारे ५७ किलोमीटरवर गेलं आणि संपलं. यात मला सर्वांत टोचणारी गोष्ट एककाची नाही. मार्ग ठरवणाऱ्यांना आकडे जुळत नाहीत असं वाटेतच जाणवलं होतं. शंका बोलून दाखवली गेली, पण रीतसर नोंदवून तडीला लावली गेली नाही. तोंडी शंकेला मालक नसतो. ‘आकडे जुळत नाहीत’ हे वाक्य कुणी उच्चारलं, की ते लिहून त्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख टाकायची. आणि आकड्यांच्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहायचं, ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं वाटत असलं तरी.

फ्रान्समध्ये मापं अगदी व्यवस्थित घेतली होती. २०१४ मध्ये उघड झालं, की तिथल्या सरकारी रेल्वे कंपनीनं, एसएनसीएफनं, मागवलेल्या नव्या रेल्वेगाड्या सुमारे १,३०० फलाटांना घासतील इतक्या रुंद आहेत. रुळांचं जाळं सांभाळणाऱ्या आरएफएफनं जी मापं दिली, ती गेल्या तीसेक वर्षांत बांधलेल्या फलाटांची. जुने फलाट जास्त पुढे आलेले होते, ते कुणी मोजलेच नाहीत. फलाट तासायचा खर्च ५ कोटी युरो. नमुना निवडताना सोयीचा नको, सगळ्यांत अडचणीचा घ्या: सर्वांत जुना फलाट, सर्वांत लांब नाव, सर्वांत जुनाट फोन.

कोका-कोलाची १९८५ मधली गोष्टही याच घरातली. नव्या चवीसाठी जवळपास २ लाख लोकांच्या चाचण्या घेतल्या, नवी चव जिंकली. ‘जुनी कायमची बंद केली तर?’ या प्रश्नाला हवं तेवढं महत्त्व दिलं गेलं नाही. ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली.

फाइल पाठवण्याआधी

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे फसण्याची शक्यता तुमची-माझी रोजची आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिस दलाला माहितीच्या अधिकारात एक साधा प्रश्न आला: कोणत्या हुद्द्यावर किती माणसं? उत्तरादाखल एक्सेल फाइल गेली आणि संकेतस्थळावर झळकली. दिसणाऱ्या पानावर फक्त बेरजा होत्या. पण ज्या मूळ यादीवरून त्या काढल्या, ती यादी त्याच फाइलमध्ये लपवलेल्या पानावर तशीच होती. साडेनऊ हजारांच्या आसपास अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं, सगळं जगजाहीर. जिथे पोलिसांवर हल्ले झालेले आहेत अशा भागात! दलाला पुढे साडेसात लाख पाउंड दंड झाला. लपवणं म्हणजे पुसणं नव्हे. बाहेर जाणारी एक्सेल फाइल मूळ फाइलची प्रत कधीच नसावी. नवी कोरी फाइल उघडा, हवे तेवढेच आकडे ‘फक्त मूल्य’ या पर्यायानं चिकटवा, किंवा सरळ पीडीएफ द्या.

पीडीएफचाही एक सापळा आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, टीएसएची, विमानतळ तपासणीची नियमपुस्तिका २००९ मध्ये इंटरनेटवर सापडली. गोपनीय ओळींवर काळे पट्टे मारले होते, पण खालचा मजकूर जिवंत. निवडा, कॉपी करा, दुसरीकडे चिकटवा, वाचा. मजकूर खोडल्याची परीक्षा अगदी सोपी: पट्ट्याखालचा शब्द फाइलमध्ये शोधून बघा, पट्टा कॉपी करून बघा. सापडला तर खोडलेला नाही. मजकूर मुळातून काढणारं साधन वापरा. त्यावर चौकोन काढू नका.

तिसरा प्रकार गुपचूप होणाऱ्या नुकसानीचा. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओढले. त्या साच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नाही. पुढच्या ओळी निमूटपणे गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. माहिती एका फाइलमधून दुसरीकडे गेली, की आधी ओळींची संख्या जुळवा. मग बाकीचं.

ऑफर काढताना

झाडूयंत्रं (व्हॅक्यूम क्लीनर) बनवणाऱ्या हूवर कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेनं १९९२ मध्ये जाहीर केलं: १०० पाउंडांची खरेदी करा, विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट. आधी युरोपची, मग अमेरिकेचीही. भरवसा असा, की अर्जांच्या कटकटीला कंटाळून बहुतेक जण नाद सोडतील. लोकांनी तिकिटासाठी झाडूयंत्रं घेतली, काहींनी तर यंत्राचं खोकंही उघडलं नाही. खर्च सुमारे ५ कोटी पाउंडांवर गेला आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातला धंदा विकला गेला. कुठलीही योजना काढण्याआधी ‘पात्र असलेल्या प्रत्येकानं मागितलं तर?’ हा हिशेब कागदावर मांडा. तो आकडा झेपत नसेल तर मर्यादा जाहिरातीतच ठळक छापा, तळटीपेत नको.

माईकसमोर

इथे फार सांगण्यासारखं नाही. माईक लावला म्हणजे चालू आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ११ ऑगस्ट १९८४ ला आवाजाची चाचणी करताना ‘पाच मिनिटांत रशियावर बॉम्बहल्ला सुरू’ असा विनोद केला, तो बाहेर गेला. जेराल्ड रॅटनर यांची चूक वेगळी, आणि जास्त शिकण्यासारखी. स्वतःच्या दागिन्यांच्या दुकानांतला माल भिकार आहे, हा विनोद ते आधीही करत आणि लोक हसत. एप्रिल १९९१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, उद्योजकांच्या सभेत, पत्रकारांसमोर तोच केला. सभागृह तेव्हाही हसलं. ग्राहक नाही हसला. कंपनीचं मूल्य सुमारे ५० कोटी पाउंडांनी घसरलं, पुढे तिचं नावही बदलावं लागलं.

चूक झालीच तर

निवेदनाची भाषा आधी. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीच्या विमानातून एका प्रवाशाला फरपटत बाहेर काढल्याचा व्हिडिओ जगभर फिरला, आणि कंपनीचे प्रमुख ऑस्कर मुनोझ यांनी काही प्रवाशांची ‘पुनर्व्यवस्था’ करावी लागली म्हणून खेद व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी सरळ माफी मागावी लागलीच. लोकांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीला सौम्य नाव देऊ नका.

दुरुस्तीची घाईही नडते. सॅमसंगनं २०१६ मध्ये पेट घेणारे नोट ७ फोन परत घेऊन दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे फोन दिले. तेही पेटले, वेगळ्याच दोषानं. शेवटी तो फोनच बंद केला.

आणि परतीचा रस्ता चूक होण्याआधी बांधा. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला, ‘हा सराव नाही’ या शब्दांसकट. होता सरावच, पाळीवरच्या माणसाला तो खरा वाटला. इशारा पाठवायला मजकूर तयार होता, मागे घ्यायला नव्हता. फोनवर दुरुस्ती यायला ३८ मिनिटं लागली. इशारा खोटा असल्याचं गव्हर्नर डेव्हिड इगे यांना दोनच मिनिटांत कळलं होतं, पण त्यांचं ट्वीट आलं आणखी पंधरा मिनिटांनी. कारण त्यांनी नंतर कबूल केलं: ट्विटरचं लॉग-इन त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हा दोन कामं आजच करा. ‘आधीचा संदेश चुकीचा होता’ हा मजकूर लिहून, मंजूर करून तयार ठेवा. आणि संस्थेच्या खात्यांचं लॉग-इन दोघांकडे तरी असू द्या, अधूनमधून उघडून बघा. फक्त ते संगणकावर चिकटवू नका. हवाईच्या याच आपत्ती खात्यात आदल्या वर्षी एका वृत्तसंस्थेनं काढलेला फोटो त्या गोंधळानंतर पुन्हा फिरला: अधिकारी कॅमेऱ्याकडे बघून उभे, आणि मागच्या पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर वाचता येईल असा पासवर्ड.