आपण परतल्यावर ड्रेसिंग कोण करणार?

मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. ३१ वर्षांची नोकरी विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत झाली आणि तीत हायड्रोसीलची, म्हणजे अंडकोशात पाणी साचून येणाऱ्या सुजेची, शिबिरं किती केली, याचा हिशोब मी ठेवला नाही. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीपाय घरोघरी माहीत असलेला आजार आहे. ज्या जंतामुळे पाय सुजतो, त्याच जंतामुळे पुरुषांना हायड्रोसील होतो. निवृत्तीनंतर मी शस्त्रक्रियेच्या पथकाबरोबर चार वेळा मलावीला जाऊन आले. आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा हा छोटा देश. त्याच्या दक्षिण टोकाला शायर नदीचं सखल, तापलेलं खोरं आहे आणि तिथेही हाच जंत. डास तेवढा वेगळा: आपल्याकडे क्युलेक्स, तिकडे मलेरियाचाच ॲनॉफिलिस. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलावीतून हत्तीरोगाचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. नवी लागण थांबली, पण दहा-पंधरा वर्षं हायड्रोसील घेऊन वावरणारे पुरुष गावोगाव आहेतच. त्यांना गोळ्यांचा उपयोग नाही, ऑपरेशनच करावं लागतं.

आता ओळखीच्या सिस्टर आणि तरुण डॉक्टर विचारतात, आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करू? सुरुवात शेवटाकडून करा, असं मी सांगते. कारण हे.

२०१८ ला आम्ही पहिल्यांदा गेलो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत टेबल चालू ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी ११ हायड्रोसील केले आणि सगळ्यांना फार समाधान वाटलं. नागपूरला येऊन आठ दिवस होतात न होतात तोच तिथल्या क्लिनिकल ऑफिसरचा, म्हणजे एमबीबीएस नसूनही तिथे ऑपरेशनं करणाऱ्या माणसाचा, फोन आला. त्या ११ जणांपैकी एकाच्या अंडकोशात रक्त साकळलं होतं, त्यात पू झाला होता. आत कुठला धागा वापरला, ड्रेन (साचलेलं बाहेर काढायची नळी) ठेवला होता का, पाण्याची पिशवी पूर्ण काढली की उलटवून शिवली, हे त्याला हवं होतं. दवाखान्यात कागद सापडेना. कागद आमच्या फायलीत होता, फाईल माझ्या बॅगेत आणि बॅग माझ्या पलंगाखाली. त्या पोराने स्वतःच्या हिमतीवर जखम उघडली, साफ केली, रोज ड्रेसिंग केलं. रुग्ण बरा झाला, पण नोव्हेंबरच्या पावसात त्याची पेरणी राहिली. त्याचा वर्षाचा मका गेला आणि तो आमच्यामुळे गेला. हे मला आजही टोचतं.

म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधी एक ठरवा. शेवटचं ऑपरेशन आणि विमान यांच्यात निदान चार दिवस हवेत, आणि पथकातला एक सर्जन व एक सिस्टर आणखी आठवडाभर मागे राहायला हवी. दोन आठवड्यांची रजा असेल तर ऑपरेशनचे दिवस सहा-सातच धरा. आकडा लहान होईल, होऊ द्या.

बोलावणं कुणाचं आहे, ते बघा

तिथल्या जिल्हा रुग्णालयाने बोलावलं असेल तरच जा. पैसे देणाऱ्याने किंवा आपल्या इकडच्या मंडळाने ठरवलं म्हणून जाऊ नका. पत्र लिहून तीन गोष्टी विचारा: यादीवर किती रुग्ण थांबले आहेत, आम्ही गेल्यावर त्यांना कोण बघणार, आणि आम्ही काय करू नये असं तुम्हाला वाटतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं असतं. आम्हाला दुसऱ्या खेपेला उत्तर आलं, "आमचं थिएटर अडवू नका." पहिल्या वेळी आम्ही दोन्ही टेबलं घेऊन बसलो होतो आणि तातडीच्या सिझेरियनच्या बाईला बाहेर थांबावं लागलं होतं. हे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. तेव्हापासून एक टेबल आणि एक भूल देणारा माणूस बाळंतिणींसाठी मोकळा ठेवतो.

मलावीत जिल्ह्याच्या पातळीवर बहुतेक ऑपरेशनं एमबीबीएस डॉक्टर करत नाहीत, क्लिनिकल ऑफिसर करतात. तीन वर्षांची पदविका आणि वर्षभराची इंटर्नशिप, एवढ्यावर हे लोक सिझेरियन, हर्निया, हायड्रोसील, हाडं सगळं सांभाळतात. भूलही बहुतेक ठिकाणी त्यांच्यातलेच देतात. आपले सर्जन त्यांना "टेक्निशियन" समजून बाजूला उभं करतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. साधा हायड्रोसील त्यांच्या हातून होऊ द्या, आपला सर्जन समोर मदतीला उभा राहू दे. अवघड, पुन्हा झालेला, हर्नियासकट असलेला असेल तेव्हा जागा बदला. मागे तेच राहणार आहेत, म्हणून हात त्यांचे बसले पाहिजेत.

हंगामाचाही विचार करा. जून ते ऑगस्ट उत्तम: कापणी झालेली असते, हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात. ऑक्टोबरात त्या खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. डिसेंबर ते मार्च पाऊस, मलेरिया आणि रिकामी कोठारं. मार्च २०२३ ला फ्रेडी वादळाने तिथली गावंच्या गावं पाण्याखाली घातली. अशा दिवसांत आपण पाहुणे म्हणून जाणं हा त्यांच्यावर भार आहे.

कागद आणि सुया

सहा महिने आधी लागा. पर्यटक व्हिसावर रुग्णाला हात लावू नका. डॉक्टरांना मलावीच्या मेडिकल कौन्सिलची आणि आपल्याला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून आपली नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र काढा. नोकरीत असाल तर वरिष्ठांचं ना-हरकत पत्र घ्या. याला वेळ लागतो.

भारतातून थेट विमान नाही. आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जावं लागतं आणि ते दोन्ही देश पीतज्वराच्या पट्ट्यातले आहेत. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. प्रवासाच्या निदान १० दिवस आधी ती घ्यावी लागते, पुढे आयुष्यभर चालते. या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस अलग ठेवू शकतात. मलेरियासाठी डॉक्टरांशी बोलून गोळी ठरवा. मी डॉक्सिसायक्लिन घेते, जाण्याच्या दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवडे. परतल्यावर ताप आला तर "मी मलावीहून आले" हे पहिलं वाक्य असू द्या. आणि शायर नदीत किंवा मलावी सरोवरात उतरू नका, पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा जंताचा आजार होतो.

हिपॅटायटिस बीच्या तीन सुया झाल्या असतील तरी टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्तीची पातळी, तपासून घ्या. तिथे एचआयव्हीचं प्रमाण मोठं आहे. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच गोळ्या सुरू व्हायला हव्यात आणि २८ दिवस घ्यायला हव्यात. गोळ्यांचा डबा कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हे पहिल्या सकाळी विचारा. रात्री दोनला शोधत बसू नका.

बॅगेत काय न्यायचं

केटामाईन हे भुलेचं औषध स्वतःच्या सामानातून नेऊ नका. भारतात ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. तिथे काय मिळतं ते विचारून त्यावरच काम बसवा. देणगीची औषधं पोहोचल्यावर निदान एक वर्ष मुदत शिल्लक असलेलीच हवीत, जागतिक आरोग्य संघटनेचा तसा दंडक आहे. आपल्या कपाटातलं संपत आलेलं गरिबाला नेऊन देणं मला पटत नाही. यंत्रं शक्यतो नकोच. मी एका स्टोअरमध्ये चांगली डायथर्मी (विजेने रक्तस्राव थांबवायचं यंत्र) धूळ खात पडलेली बघितली. तिची प्लेट फाटली होती आणि तसली दुसरी त्या देशात मिळत नव्हती.

न्यावं असं: आपोआप विरघळणारा धागा भरपूर, कारण टाके काढायला ३० किलोमीटर सायकलवर कोण येणार? त्वचेलाही तोच वापरा. डोक्याला लावायचे दिवे आणि त्यांचे सेल. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने सामान निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, इंडिकेटर पट्ट्या. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग, आपला तिथे बसत नाही.

आणि लंगोट. हसू नका. हायड्रोसीलनंतर अंडकोश वर उचलून धरला नाही तर सूज येते, रक्त साकळतं. विकतचे पट्टे महाग पडतात आणि संपतात. दुसऱ्या खेपेला मी आपल्याकडचा लंगोटाचा कागदी कित्ता नेला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या शिंप्याला दाखवला. त्याने चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या सुती कापडाचे लंगोट शिवून दिले. प्रत्येकाला दोन, एक अंगावर, एक धुवायला. आता तो आमच्याशिवायही शिवतो.

थिएटरमध्ये

पहिला दिवस ऑपरेशन नको. ऑटोक्लेव्ह रिकामा चालवा, मग ड्रमच्या (सामान ठेवायच्या डब्याच्या) अगदी मधोमध इंडिकेटर पट्टी ठेवून भरलेला चालवा. बाहेरची टेप काळी झाली म्हणजे फक्त उष्णता लागली, आतपर्यंत वाफ पोहोचली असं नाही. १२१ अंशांना गुंडाळलेल्या सामानाला अर्धा तास द्या, आणि ओला ड्रम बाहेर काढू नका. एका ऑटोक्लेव्हमधून दिवसाला किती सेट निघतात, तेवढीच ऑपरेशनं होतील. सर्जन म्हणेल अजून दोन घेऊ. तेव्हा सिस्टरने नाही म्हणायचं. तुमचं खरं काम ते आहे.

वीज जाते. जानेवारी २०२२ च्या ॲना वादळात कापिचिरा धरण फुटलं, तेव्हा देशातला विजेचा मोठा हिस्साच बंद पडला. आम्ही त्या वर्षी गेलो तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा अंधार व्हायचा. हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून शेजारी भरलेला सिलिंडर आणि त्याचा पाना टेबलाला बांधलेला हवा. ऑक्सिमीटर बॅटरीवरचा हवा. पाठीत भूल देऊन होणारं काम पूर्ण भुलेने करू नका.

सर्जिकल चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या गोष्टींची यादी, रोज, प्रत्येक रुग्णाला, मोठ्याने. ही १९ मुद्द्यांची यादी तयार करण्यात अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे पुढे होते, त्यांचे वडील आपल्या उमरखेडकडचे. २००९ साली आठ शहरांतल्या अभ्यासात ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजताना मी मराठीत मोजायची, तिथली सिस्टर त्यांच्या चिचेवा भाषेत, आणि मग दोघींनी इंग्रजीत आकडा जुळवायचा. तिने एकदा मला थांबवलं, एक मॉप कमी होता. बादलीखाली सापडला. मी तिचे पाय धरायचीच बाकी होते.

चार शब्द तरी शिका

मुली ब्वांजी म्हणजे कसे आहात. झिकोमो म्हणजे आभार. कुप्वेतेका म्हणजे दुखणं. आणि पेपानी. दुसऱ्याला दुखलं, ठेच लागली, घरी कुणी गेलं, की हाच शब्द. तो मनापासून म्हणा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ मध्ये पाच जणांच्या पथकातून चीनला गेले. कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवत राहिले आणि १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. आपण दोन आठवड्यांसाठी जातो, तर चार शब्द जड नाहीत.

संमती घेताना दुभाषा नातेवाईक नको, दवाखान्यातला पुरुष नर्स असावा. कित्येकांनी हा आजार बायकोशिवाय कुणाला दाखवलेला नसतो. मी त्या वेळी खोलीबाहेर थांबते. फोटो काढू नका, चेहरा झाकूनही नाही.

निघताना

मलावीत प्रत्येक रुग्णाकडे हेल्थ पासपोर्ट नावाची छोटी वही असते आणि ती तो जिवापाड जपतो. ऑपरेशनची सगळी हकीकत त्या वहीत लिहा, सुवाच्य इंग्रजीत, संक्षेप न करता: काय केलं, कुठला धागा, ड्रेन होता का, कधी काढला, कुठली गोळी किती दिवस, ड्रेसिंग कुठल्या वाराला आणि कुठल्या आरोग्य केंद्रात. तेच दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये. आपल्या फायलीत नक्कल ठेवा, मूळ तिथेच राहू द्या. गावपातळीवर हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतात, आपल्या आशाताईंसारखे पण सरकारी पगारावरचे. निघण्याआधी त्यांना बोलवा, त्यांच्या गावातल्या रुग्णांची नावं द्या, कुठली सूज साधी आणि कुठली धोक्याची ते एखाद्या रुग्णाच्या संमतीने प्रत्यक्ष दाखवा. त्यांच्या फोनच्या रिचार्जचे आणि सायकलच्या फेऱ्यांचे पैसे मोहिमेच्या खर्चात आधीच धरा.

मग ३० व्या दिवशी फोन करा. २०२४ ला आम्ही ३८ ऑपरेशनं केली होती. क्लिनिकल ऑफिसरने रजिस्टर उघडून एकेक नाव वाचलं आणि मी इकडे पेन्सिलने खुणा केल्या. दोघांच्या जखमेत थोडा पू होऊन बरा झालेला. एक जण ड्रेसिंगला आलाच नव्हता. मी काळजीत पडले, तर ऑफिसर म्हणाला, काल आमचा माणूस सायकलवर गेला होता, त्याला तो रुग्ण शेतात कापूस वेचताना सापडला, लंगोट बांधून.