भाद्रपदात माजलेल्या टोमॅटोची छाटणी

मृगाच्या सरींनंतर परसबागेत लावलेली टोमॅटोची रोपे गणपती बसेपर्यंत कमरेच्या वर जातात आणि नाशिकच्या ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत तर एका झाडाच्या फांद्या दुसऱ्यात कधी शिरल्या, हे कळतही नाही. पाने गर्द, फळे मोजकी आणि बुंध्याशी दिवसभर न सुकणारा ओलावा, अशी अवस्था दिसली की झाड माजले असे समजावे. या ओलाव्यावरच करपा हा बुरशीचा रोग पोसला जातो, म्हणून छाटणी नेहमी बुंध्यापासून सुरू करावी.

तत्पूर्वी आपले वाण ओळखणे आवश्यक आहे. झुडपी वाणाच्या फांद्यांची वाढ टोकाला फुलांचा घोस आल्यावर आपोआप थांबते. त्याच्या फुटी काढल्यास फळेच कमी होतात, त्यामुळे त्याची केवळ खालची पाने काढून त्याला आधार द्यावा. ज्याचा शेंडा सतत वर चढत राहतो, त्या उंच वाणाला मात्र खरी छाटणी लागते.

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सकाळी दव सुकल्यावर काम सुरू करावे, कारण ओल्या जखमेतून बुरशी सहज आत शिरते. तंबाखू हाताळलेले हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय झाडाला लावू नयेत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही होतो आणि हातांवाटे व कात्रीवाटे पसरतो. रोगट दिसणारे झाड सर्वांत शेवटी हाताळावे.

प्रथम मातीला टेकलेली पाने काढावीत, मग पहिल्या घोसाखालची पिवळी आणि ठिपके पडलेली पाने काढावीत. तपकिरी ठिपक्यात एकात एक वर्तुळे दिसली, तर तो लवकर येणारा करपा होय. पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीच्या शिंतोड्यांबरोबर त्याची बुरशी वर चढते. बुंध्याशी किमान वीतभर जागा मोकळी राहिली पाहिजे. काढलेली रोगट पाने बागेत किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

त्यानंतर बगलफूट काढावी. द्राक्षबागेत काम केलेल्या हाताला ती वेगळी दाखवावी लागत नाही: खोड आणि पान यांच्या बेचक्यातून तिरपा निघणारा कोंब म्हणजे बगलफूट. ती करंगळीहून बारीक असेल, तर बोटांनी एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवली की कट् आवाज करून सुटते आणि बोटांवर हिरवट-पिवळा, उग्र वासाचा राप चढतो. जाड फूट ओढल्यास खोडाची साल सोलून निघते, म्हणून ती कात्रीनेच कापावी. जाड फुटीवर फळे धरली असतील तर तिला दुसरे खोड मानून राखावे. घरच्या बागेत दोन खोडांचे झाड मला सर्वांत सोयीचे वाटते.

एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पाला मात्र काढू नये. एके वर्षी मी सहा झाडांची सगळी गर्दी एकाच दिवसात उपसली. बाग नेटकी दिसू लागली, परंतु पुढे ऑक्टोबरचे ऊन तापले आणि पश्चिमेकडच्या फळांवर पांढरट, कागदासारखे पातळ चट्टे पडून ती सडली. भरात आलेली फळे फेकून देताना फार वाईट वाटले. तेव्हापासून मी आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत छाटणी करतो आणि पश्चिमेच्या बाजूची पाने फळांना सावली म्हणून राखतो.

मोकळ्या झालेल्या खोडाला बांबूचा आधार द्यावा. सुतळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवून बांधावी आणि खोडाभोवतीचा फास बोट सहज जाईल इतका सैल ठेवावा. शेंडा बांबूच्या टोकापलीकडे गेला की शेवटच्या घोसाच्या वर दोन पाने राखून तो खुडावा. झाड माजण्याचे कारण बहुधा जास्तीचे नत्र असते, म्हणून यानंतर युरिया देऊ नये. बुंध्याला मातीची भर लावावी आणि पाऊस संपल्यावर पाणी एकसारखे द्यावे, कारण कधी कोरडे तर कधी तुडुंब, असे झाल्यास फळाचे बूड काळे पडते.

काढलेल्या निरोगी बगलफुटींतील वीतभर लांबीच्या चार-पाच फुटी निवडाव्यात, त्यांची खालची पाने खुडावीत आणि त्या सावलीत, ओल्या मातीत खोचाव्यात. आठ-दहा दिवसांत त्यांना मुळे धरू लागतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही रोपे वाफ्यात लावल्यास जुनी झाडे थकतात त्या मार्गशीर्षाच्या थंडीत त्यांची पहिली फळे रंगू लागतात.