आईने भाकरी सोडली तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर हे नीट वाचा, कारण आमच्याकडे वर्ष-दीड वर्ष हे डोळ्यासमोर चाललं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आई पंचवटीत राहते. आधी भाजलेले शेंगदाणे गेले, मग पेरू, मग भाकरी, "नको गं, पोट भरलंय" म्हणायची आणि चहात टोस्ट बुडवून खायची, रात्री पातळ खिचडी, सीझनला द्राक्षं कारण ती मऊ असतात. आम्हाला वाटलं वय झालं, भूक कमी झाली. मग एकदा रामकुंडावर गेलो तर पायऱ्या चढताना तिने माझा हात सोडलाच नाही.

खालच्या दोन दाढा हलत होत्या आणि वरची कवळी सैल झाली होती, म्हणून ती चावायचं टाळत होती. चावायला त्रास होतो म्हणून माणूस मऊ खातो, आणि आपल्याकडे मऊ म्हणजे भात, साबुदाणा, बिस्किट, म्हणजे पोट भरतं पण प्रोटीन जात नाही, स्नायू झिजतात. त्यात जीभ आणि जबडा हेही स्नायूच, वापरले नाहीत तर तेही अशक्त होतात आणि चावणं अजून अवघड होतं, असं ते चक्र. वयानुसार स्नायू कमी होण्याला सार्कोपेनिया म्हणतात. जपानमध्ये यावर खूप काम झालंय, 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात टिकवा अशी मोहीम त्यांनी 1989 मध्येच सुरू केली, आणि तोंडाची ताकद कमी झालेल्या वृद्धांमध्ये सार्कोपेनियाचं प्रमाण जास्त दिसतं हे तिथल्या अभ्यासातून पुढे आलंय.

तर सगळ्यात आधी ताट बघा. "दात दुखतात का" असं विचारलं तर ही पिढी नाहीच म्हणते, त्यापेक्षा गेल्या वर्षी खात होते आणि आता खात नाहीत असे पदार्थ कोणते ते आठवून लिहून काढा.

मग घरीच तीन गोष्टी तपासा. त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्याच दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून पोटरीच्या जाड भागाभोवती कडं करायला सांगा, कडं सैल राहिलं, मध्ये फट दिसली तर स्नायू कमी झालेले असू शकतात. टेपने मोजायचं तर पुरुषांची पोटरी 34 सेंमीपेक्षा आणि बायकांची 33 पेक्षा कमी भरली की डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर आहेत (शेजारी उभे राहा, तोल जाऊ शकतो). तिसरं, पाच सेकंद भराभर "पा पा पा" म्हणायला सांगा आणि प्रत्येक पा ला कागदावर पेनाने टिंब करा, मग तसंच "ता" आणि "का". सेकंदाला सहापेक्षा कमी म्हणजे ओठ-जिभेची हालचाल मंदावलीय. हे निदान नाही, पण दाखवायला जायचं की नाही ते यावरून कळतं.

दातांचे डॉक्टर टाळू नका. खर्चाची भीती असेल तर डेंटल कॉलेजमध्ये फी बरीच कमी असते, नाशिकला पंचवटीतच केबीएच डेंटल कॉलेज आहे. जाताना चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत टाका, बीपीच्या, डिप्रेशनच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात घास फिरत नाही, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. शुगर असेल तर हिरड्या जास्त बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी शुगर आवरत नाही. मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडवाच, ती तंबाखूच आहे. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, ती वाकते.

आता स्वयंपाकघर, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. वयस्कर माणसाला रोज किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 55 किलोच्या आईला 55 ते 66 ग्रॅम, आणि आम्ही हिशोब केला तेव्हा ती निम्म्यालाही पोचत नव्हती. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) एका अंड्यात 6 ग्रॅम, कपभर दुधात 6-7. मुगाचं धिरडं, पिठलं, दाण्याची आमटी, किसलेलं पनीर, अंडा भुर्जी, घट्ट दही, सगळं मऊच आहे. भाकरी बंद करू नका, आमटीत कुस्करून द्या. तिन्ही वेळा थोडं थोडं प्रोटीन जाऊ दे, सगळं रात्रीवर ढकलू नका. एक चूक मी केली, सगळंच मिक्सरमधून काढायला लागले. तसं नका करू, दात-कवळी ठीक झाल्यावर जेवढं चावता येतं तेवढं चावू द्या, हळूहळू वाढवा.

आणि नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत. आई आता सकाळी खुर्ची धरून उठबस करते, दहा-दहाच्या दोन फेऱ्या, आणि जेवायच्या आधी मोठ्याने पा-ता-का म्हणते, नातवंडंही तिच्याबरोबर ओरडतात. पाणी पिताना ठसका लागत असेल, घास अडकत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल तर मात्र घरचे उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. पोटरीचं माप दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर मागचा आकडा कोणालाच आठवत नाही.